जुन्या सिंगरची ओळख

जुन्या बाजारातून आलेल्या सिंगर शिवणयंत्राची खरी ओळख त्याच्या क्रमांकात असते. यंत्राच्या पाटावर, उजवीकडे खांबाच्या पायथ्याशी तो ठसवलेला असतो. अनेकजण सुट्या भागांवरचे आकडे पाहून फसतात. ‘सिमँको’ या शब्दाशेजारचा आकडा त्या भागाचा असतो, यंत्राचा नव्हे. 1900 पूर्वीच्या क्रमांकांत केवळ आकडे होते, पुढे अक्षरांची जोड आली. एफ आणि वाय ही अक्षरे स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याची, तर जी हे अमेरिकेतील एलिझाबेथ शहराच्या कारखान्याचे. क्लाइडबँकचा तो प्रचंड कारखाना 1980 मध्ये बंद पडला. क्रमांकावरून निघणारे साल मात्र तो क्रमांक वाटून दिल्याचे असते. यंत्र प्रत्यक्षात थोडे नंतरही तयार झालेले असू शकते.

मॉडेल ठरवायला शटल पाहावे. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लांबट शटल आणि त्यात बारीक लांब बॉबिन असेल, तर यंत्र बहुधा 27, 28 किंवा त्यांच्या पुढच्या आवृत्त्या 127, 128 यांपैकी असते. 28 आणि 128 आकाराने लहान. गोल बॉबिन आणि डाव्या टोकाच्या झाकणावर दोऱ्याचा ताण बदलायची चकती, ही 15 क्रमांकाच्या मॉडेलची खूण. याच रचनेच्या नकला दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये भरपूर निघाल्या, म्हणून केवळ आकारावर विश्वास ठेवू नये. सोनेरी स्फिंक्सची नक्षी देखणी खरी, पण ती एकाहून अधिक मॉडेलांवर आढळते. ती घासून साफ करू नये. एकदा गेलेली नक्षी परत येत नाही.