कँडल कोव्ह
प्रत्यक्षात कधीही प्रसारित न झालेली, तरीही अनेकांना बालपणी पाहिल्यासारखी वाटणारी काल्पनिक बाहुलीपट-मालिका. अमेरिकन चित्रकथाकार क्रिस स्ट्राउब यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या याच नावाच्या भयकथेतून ती जन्मली. १९७०च्या दशकारंभीची एक विस्मृत मालिका काही प्रौढ परस्परांना आठवून देत आहेत, अशी कथेची रचना असून समुद्री चाच्यांशी मैत्री करणारी जॅनिस आणि खालीवर न हलता आडवा सरकणारा जबडा असलेला ‘स्किन-टेकर’ हा सांगाडा ही तिच्यातील ठळक पात्रे होत. मूल त्या वेळी केवळ मुंग्या आलेला रिकामा पडदा पाहत बसे, हे एकाची आई शेवटी सांगते. कथेचे खरे सामर्थ्य या एका कलाटणीत आहे. स्ट्राउब यांचा हेतू फसवणुकीचा नव्हता. परंतु लेखकाचे नाव गळून मजकूर हातोहात नकलला गेल्याने (अशा भयकथांना ‘क्रीपीपास्ता’ म्हणतात) तो सत्य मानला जाऊ लागला आणि हौशी मंडळींनी मालिकेच्या बनावट चित्रफितीही रचल्या. २०१६ मध्ये सायफाय वाहिनीच्या ‘चॅनल झीरो’ या मालिकेचे पहिले पर्व या कथेवर आधारले गेले. अशा रीतीने न झालेल्या कार्यक्रमाला दूरचित्रवाणीवर, काहीसे उशिराच, स्थान मिळाले.