वतन नाकारणारा मल्ल

माणसाच्या अंगातली ताकद ही त्याची स्वतःची मालमत्ता, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात असते. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ताकदच विकली, त्यांना हे वाक्य अर्धेच खरे वाटते. ताकद आपली, पण ती कोणाला, किती काळ आणि काय दराने द्यायची हे ठरविणारा दुसराच असतो. वर्गात हा मुद्दा मी वेठबिगारीच्या संदर्भात मांडत आलो आहे. २०२३ च्या जानेवारीत वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याने मोबाइल पुढे करून विचारले, "सर, जगज्जेत्यानं पट्टा सोडला. याला शहाणा म्हणायचं का येडा?" मी त्या वेळी उत्तर दिले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

तो जगज्जेता म्हणजे फ्रान्सिस एन्गानू. त्याचा खेळ मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसा, लाथ, कुस्तीची पकड, सांधा पिळणे, गळा आवळणे हे सारे त्यात चालते आणि लढत जाळीच्या पिंजऱ्यात होते. या खेळाचा बाजार उभा केला तो अमेरिकेतील यूएफसी या कंपनीने. तिचा पहिला कार्यक्रम १९९३ साली डेन्व्हर येथे झाला. पुढे खेळ आणि कंपनी यांत लोकांना फरकच दिसेनासा झाला, इतकी तिची पकड बसली.

एन्गानूचा जन्म १९८६ चा, कॅमेरूनमधल्या बातिए गावचा. आईवडील विभक्त झालेले, घरात दारिद्र्य. कोवळ्या वयातच तो वाळूच्या खाणीत फावडे घेऊन उतरला. बॉक्सर होण्याचे वेड घेऊन २०१२ साली त्याने गाव सोडले. नायजेरिया, नायजर, सहारा वाळवंट, अल्जीरिया आणि मोरोक्को असा तो प्रवास. मोरोक्कोत वर्षभर तो बाजारातल्या कचऱ्यातून अन्न वेचीत राहिला. समुद्र ओलांडण्याचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसले. २०१३ साली रबरी होडीतून तो स्पेनच्या हद्दीत पोचला, तेव्हा युरोपने त्याचे स्वागत दोन महिन्यांच्या कैदेने केले. सुटल्यावर पॅरिस. तेथे तो मोटारी उभ्या करण्याच्या जागेत झोपे. एमएमए फॅक्टरी या तालमीत फर्नांड लोपेझ या प्रशिक्षकाने त्याला बॉक्सिंगकडून या खेळाकडे वळविले. त्याच वर्षाअखेर तो पहिली व्यावसायिक लढत लढला आणि २०१५ च्या डिसेंबरात यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला.

ही हकीकत सांगताना समालोचकांना एक वाक्य फार आवडते: वाळूच्या खाणीने त्याला बलवान केले. या वाक्याला माझी हरकत आहे. गोदावरीकाठच्या आमच्या गावी माझे वडील वाळूचे ट्रक भरीत. मजुरी ब्रासवर मिळे. पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे, घमेली वर द्यायची. ठेकेदाराकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसऱ्या घाटावर जाता येत नसे. उचलीच्या कागदावर वडिलांचा अंगठा होता. कागदात काय लिहिले आहे ते त्यांना कोणी वाचून दाखविले नव्हते. पन्नाशीच्या आत त्यांची कंबर गेली. वाळू माणसाला बलवान करीत नाही, ती त्याला झिजविते. हजारांत एखादा तरतो आणि त्या एकाच्या छायाचित्राआड बाकीचे झाकले जातात. दारिद्र्याला तालीम म्हणणे ही दारिद्र्य टिकवू पाहणाऱ्यांची भाषा आहे.

एन्गानूचा ठोसा एकदा यंत्रावर मोजण्यात आला. आकडा आला १,२९,१६१. तो विक्रम म्हणून जाहिरातीत मिरविला गेला. मालाचे वजन झाले. भाव कोण ठरविणार, हा प्रश्न शिल्लकच होता.

२०१८ च्या जानेवारीत हेवीवेटचा जगज्जेता स्टिपे मिओचिच याने त्याला पाच फेऱ्या दमवून हरविले. एन्गानू खचला. त्या वर्षीची पुढची लढतही हरला. पण तो नव्याने शिकत राहिला आणि २७ मार्च २०२१ रोजी दुसऱ्या फेरीत मिओचिचला आडवा करून त्याने पट्टा मिळविला.

येथून माझ्या दृष्टीने खरा इतिहास सुरू होतो. यूएफसीच्या करारात एक कलम असे. मल्ल जगज्जेता असताना करार संपत आला, तर त्याची मुदत वाढे. म्हणजे जितका मान मोठा, तितकी सुटका अवघड. हे कलम वाचताना मला महार वतन आठवले. वतनात इनामाचा तुकडा होता, बलुते होते, काही गावांत जत्रेतला मान होता. आणि त्या बदल्यात अहोरात्र राबणे होते, ज्याला ना तास ना हद्द. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. तेव्हा तुकडा आणि मान सुटेल या भीतीने आपल्यातलेच कित्येक कचरत होते. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळते. वतन जन्माने लादले जाई आणि त्याच्या मुळाशी अस्पृश्यता होती. एन्गानूने सही स्वतः केली होती आणि त्याला मिळणारी रक्कम आपल्या कल्पनेपलीकडची होती. तरीही मानाच्या दोरीने माणसाला बांधण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

२०१७ साली केलेल्या त्याच्या कराराला पाच वर्षांची मर्यादा होती. एन्गानू थांबला. २२ जानेवारी २०२२ रोजी, गुडघ्याचे अस्थिबंध फाटलेले असताना, तो सिरिल गान या आपल्या जुन्या तालीमबंधूशी लढला. ठोशांनी निभेना, तेव्हा त्याने गानला खाली पाडून कुस्तीच्या बळावर पंचांचा कौल जिंकला. जगज्जेत्याचे जाहीर मानधन होते सहा लाख डॉलर. मग शस्त्रक्रिया झाली. वर्षाअखेर मुदत संपली आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने त्याला मुक्त करून पट्टा काढून घेतला.

कंपनीच्या प्रमुखाने सांगितले की कोणत्याही हेवीवेट मल्लाला दिले नाहीत इतके पैसे आम्ही देऊ केले होते. ते खरे धरून चालू. पण एन्गानूने मागितले काय? मल्लांना आरोग्यविमा, स्वतःचे प्रायोजक आणण्याची मुभा आणि मालकांच्या बैठकीत मल्लांची बाजू मांडणारा प्रतिनिधी. हे मिळाले नाही. शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोबदला वाढवून देणे मालकाला परवडते. शेजारी खुर्ची देणे त्याला जड जाते.

याला कायद्याचीही बाजू आहे. व्हिएतनामच्या युद्धात जाण्यास नकार दिला म्हणून १९६७ साली मुहम्मद अलीचा किताब काढून घेतला गेला. त्याच अलीच्या नावाने २००० साली अमेरिकेत कायदा झाला आणि बॉक्सरांना प्रवर्तकांपासून काही संरक्षण मिळाले. पिंजऱ्यातल्या मल्लांना तो लागू नव्हता. २०१४ साली काही मल्लांनी यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला. त्यात उत्पन्नातील मल्लांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याचे पुढे आले. अमेरिकेतील बास्केटबॉलपटूंना सुमारे निम्मा मिळतो. २०२५ च्या फेब्रुवारीत ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली.

एन्गानूने मे २०२३ मध्ये पीएफएल या दुसऱ्या संस्थेशी करार केला. आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही किमान वीस लाख डॉलर मिळावेत, ही त्यातली तरतूद होती. समोरच्या गड्याच्या मजुरीची काळजी करणारा मल्ल मी दुसरा ऐकलेला नाही. ऑक्टोबरात रियाधला त्याने टायसन फ्युरी या बॉक्सिंगच्या जगज्जेत्याला तिसऱ्या फेरीत खाली पाडले. निकाल मात्र मतभेदाने फ्युरीकडे गेला. मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपविले. एप्रिलमध्ये त्याचा पंधरा महिन्यांचा मुलगा गेला. ऑक्टोबरात तो पुन्हा उतरला, रेनन फरेराला पहिल्या फेरीत हरविले आणि तो विजय मुलाला अर्पण केला.

त्याला मी चळवळीचा नेता म्हणणार नाही. एका मालकाकडून तो दुसऱ्याकडे गेला आणि तिथला पैसाही सौदी गुंतवणुकीचा होता. पट्टा सोडणे त्याला परवडले. सुरुवातीच्या लढतीवर घरभाडे भरणाऱ्या मल्लाला ते परवडत नाही. एकट्याचा नकार संघटनेची जागा घेऊ शकत नाही, हे बाबासाहेबांच्या वाचकाला निराळे सांगायला नको. पण पहिला नकार कोणीतरी एकट्यानेच उच्चारलेला असतो आणि नकार देता येतो हे त्याने इतरांना दिसते. म्हणून माझे उत्तर: तो शहाणा होता.

तो विद्यार्थी पुढे एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. रुजू होण्यापूर्वी नेमणुकीचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी तो ओळ न्‌ ओळ वाचला. काम सोडण्याच्या अटी चौथ्या पानावर, बारीक अक्षरात होत्या.