नागवल्लीचे उत्तर : वेताळकथा, उत्तरभाग आणि म्हैसूरची दरबारी नर्तकी

दिशावाचक अर्थ बाजूला ठेवला, तर 'उत्तर' या शब्दाचे दोन अर्थ उरतात. विचारलेल्या प्रश्नाचे समाधान हा एक, आणि आधीच्या गोष्टीमागून येणारे ते, हा दुसरा. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. रामकथेचा पुढला भाग सांगत असतानाच सीतात्यागाने उभ्या केलेल्या प्रश्नाचे समाधानही ते नाटक शोधते आणि त्यासाठी परंपरेने दिलेला शेवट बदलण्याचे धाडस करते. आज चित्रपटसृष्टी ज्याला 'सीक्वेल' म्हणते त्या उत्तरभागाचा विचार या दुहेरी अर्थाच्या आधारे करता येतो. एखादा चित्रपट संपल्यानंतर प्रेक्षक त्याच्या पुढील भागाविषयी जे तर्क लढवतात, त्यांना रिकामा वेळ घालवण्याचा उद्योग समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हे तर्क म्हणजे कथेने मोकळ्या सोडलेल्या प्रश्नांची लोकांनी दिलेली उत्तरे असतात. ती कोणत्या प्रश्नांना मिळतात आणि कोणते प्रश्न विचारलेच जात नाहीत, हे पाहणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते. भयकथेच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे, कारण मेलेले परत येणे हाच तिचा विषय असतो.

१. वेताळाची अट

रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम आणि वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळासाठी 'व्हँपायर' हा शब्द योजला. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ मध्ये आली. बर्टनचा शब्द सोयीचा होता, पण नेमका नव्हता. युरोपीय रक्तपिपासू हा स्वतःच्याच देहात परत येणारा मृत होय. वेताळ परक्या प्रेतात शिरतो. शिवाय कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देवही आहे. आमोण्याचा बेताळ हे त्याचे ठळक उदाहरण. रक्ताच्या तहानेपेक्षा वेताळाला प्रश्नाची ओढ अधिक आहे.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ही कथामाला गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीच्या त्रिविक्रमसेन राजाची म्हणून येते. म्हणजे तिची भूमी आजचे पैठण आहे. अठराशे पाचमध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात तिचे हिंदुस्थानी रूप सिद्ध झाले आणि १८३० मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' मराठीत आली. या सर्व रूपांत चौकट तीच राहते. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकेल आणि राजाला नव्याने फेरा घालावा लागेल. म्हणजे प्रत्येक उत्तर हे पुढील कथेचे निमित्त ठरते. शेवटच्या प्रश्नात मायलेकींचा विवाह लेक आणि बाप यांच्याशी उलटसुलट झालेला असतो. त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, हे राजाला खरोखरच सांगता येत नाही, म्हणून तो मौन धरतो आणि तेव्हाच ही मालिका थांबते. उत्तराने कथा वाढते आणि निरुत्तर होण्याने ती संपते, असा हा कथाशास्त्राचा नियमच म्हणावा लागेल.

या नियमाचा विस्तार विसाव्या शतकाने दोन प्रकारे केला. 'चांदोबा'सारख्या मासिकांनी पंचवीस कथांची मर्यादा ओलांडून वेताळाला दशकानुदशके नव्या गोष्टी सांगायला लावल्या. दुसरीकडे थॉमस मानने १९४० मध्ये आणि गिरीश कर्नाडांनी 'हयवदन' या १९७१ च्या नाटकात शिरांच्या अदलाबदलीची वेताळकथा हाती घेतली. शिर श्रेष्ठ, म्हणून ज्या धडावर पतीचे शिर तोच पती, हा राजाचा निर्णय. या निर्णयानंतर त्या स्त्रीचे काय झाले, असा प्रश्न दोघांनीही विचारला. हा प्रश्न आणि उत्तरभागाविषयी तर्क करणाऱ्या सामान्य प्रेक्षकाचा प्रश्न एकाच कुळातले आहेत. 'हयवदन' रंगभूमीवर आणणाऱ्या ब. व. कारंथांनीच १९८९ मध्ये म्हैसूर येथे 'रंगायण' ही नाट्यसंस्था उभी केली, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. कारण पुढील विवेचनाचा केंद्रबिंदू म्हैसूर हाच आहे.

२. शेजारच्या भाषेतले भूत

फाजिल यांचा 'मणिचित्रताळ' हा मल्याळम चित्रपट १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. मधु मुट्टम यांच्या त्या पटकथेत जुन्या वाड्यात राहायला आलेली गंगा ही विवाहिता, पूर्वी तेथे मारल्या गेलेल्या नागवल्ली या नर्तकीसारखी वागू लागते. मनोविकारतज्ज्ञ तिचे निदान दुभंगलेले व्यक्तिमत्त्व असे करतो. मात्र उपचारासाठी तो मांत्रिकाच्या विधीचाच आधार घेतो. नागवल्लीला सूड घेऊ दिल्याचा आभास निर्माण केला जातो आणि ऐन क्षणी जिवंत माणसाच्या जागी पुतळा सरकवला जातो. वेताळकथेच्या अखेरीस कपटी भिक्षूला 'साष्टांग नमस्कार कसा घालायचा ते आधी दाखव' असे सांगून राजा त्याचा शिरच्छेद करतो, त्या युक्तीची येथे आठवण होते. दोन्हीकडे विधी मोडला जात नाही. तो आतून फिरवला जातो.

या रचनेतच पुढील तर्कांचे बीज आहे. डॉक्टरांचे म्हणणे मानले तर भूत नव्हतेच. परंतु गंगेला नागवल्लीची भाषा आणि नृत्य इतके अंगी कसे बाणले, असा प्रश्न घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. बालपणी आईवडिलांपासून दुरावून आजीजवळ वाढलेल्या गंगेच्या मनात ऐकलेल्या कथा रुजल्या, हे चित्रपटाचे उत्तर काहींना पुरते, काहींना पुरत नाही. ज्यांना ते पुरत नाही त्यांच्यासाठी उत्तरभाग तेथेच सुरू झालेला असतो.

पी. वासू यांनी ही कथा २००४ मध्ये 'आप्तमित्र' या नावाने कन्नडमध्ये आणि २००५ मध्ये 'चंद्रमुखी' म्हणून तमिळमध्ये आणली. प्रियदर्शन यांचा हिंदी 'भूलभुलैया' २००७ चा. या रूपांतरांत एक गोष्ट सातत्याने घडते. मल्याळम चित्रपटातील नर्तकी तंजावरची, तमिळ बोलणारी आहे. कन्नड आणि तमिळ रूपांतरांत ती तेलुगू बोलते. हिंदीत ती बंगाली होते. भूत नेहमी शेजारच्या भाषेतून येते. घरातल्या भाषेत ते बोलले असते तर त्याचे गाऱ्हाणे कळले असते. परक्या भाषेमुळे ते केवळ भयावह आणि मोहक वाटते. रूपांतरकारांनी घर, प्रांत आणि धंदा बदलला, पण हे परकेपण जपले.

३. चित्रपटाबाहेर गेलेला तर्क

पाश्चात्य भयपटात उत्तरभागाची गरज आली की मृत्यूच मागे घेतला जातो. लंडनच्या हॅमर कंपनीच्या १९५८ च्या चित्रपटात ड्रॅक्युलाची राख होते. १९६६ च्या चित्रपटात त्या राखेवर रक्त सांडले जाते आणि तो उठतो. वासू यांनी 'आप्तरक्षक' या उत्तरभागात याहून वेगळी वाट धरली. नागवल्लीचे चित्र हाती येईल त्या घरावर संकट आणते, हे एक सूत्र. आणि तिला मारणारा राजा विजय राजेंद्र बहादूर माणसाच्या आयुर्मर्यादेपलीकडे अजूनही जिवंत आहे, हे दुसरे. पहिल्या भागाने भूत नाकारले होते. दुसऱ्याने ते अत्याचारी राजाच्या देहात ठेवले. मारली गेलेली स्त्री नव्हे, मारणारा पुरुषच न मेलेला, हे उत्तर विचार करायला लावणारे आहे.

पण त्याकडे लक्ष जाण्यापूर्वीच वास्तवाने कथेत हस्तक्षेप केला होता. 'आप्तमित्रा'त गंगेची भूमिका करणाऱ्या सौंदर्या १७ एप्रिल २००४ रोजी, चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, बंगळूरजवळच्या विमान अपघातात मृत्यू पावल्या. दोन्ही चित्रपटांचे नायक विष्णुवर्धन यांचा जन्म म्हैसूरचा. हृदयविकाराने त्यांचे निधनही म्हैसूरलाच, ३० डिसेंबर २००९ रोजी झाले. 'आप्तरक्षक' १९ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे त्यांच्यामागे प्रदर्शित झाला. दोन मृत्यूंना एका सूत्रात ओवून नागवल्लीच्या शापाची वदंता पसरली.

येथे दोन प्रकारच्या तर्कांत भेद करणे आवश्यक आहे. राजा जिवंत असेल काय, गंगा पूर्ण बरी झाली काय, 'चंद्रमुखी'तील अजस्र सापाचे प्रयोजन काय, हे तर्क संहितेच्या आत राहतात. त्यांना संहितेतील पुरावा लागतो आणि तो नसेल तर ते पडतात. शापाचा तर्क संहितेबाहेर जातो आणि त्याला कोणताच पुरावा पाडू शकत नाही, कारण प्रत्येक नवा मृत्यू त्याच्या पदरात पडतो. साडेपाच वर्षांच्या अंतराने झालेला एक अपघात आणि एक हृदयविकार यांत कार्यकारणसंबंध नाही. ज्या चित्रपटाने भुताच्या जागी आजार पाहायला शिकवले, त्याच्याच कलावंतांच्या मृत्यूला भुताचे कारण मिळावे, हा त्या चित्रपटाचा पराभव आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, शोकाला जी जागा हवी होती ती कुतूहलाने घेतली.

४. न विचारलेला प्रश्न

या साऱ्या तर्कवितर्कांत एक प्रश्न क्वचितच ऐकू येतो : नागवल्ली होती कोण? चित्रपटातील व्यक्ती काल्पनिक आहे, हे मान्य. पण तंजावरची नर्तकी परमुलखातील वाड्यात येते, हा प्रवास काल्पनिक नाही. त्याचा इतिहास मराठी अभ्यासकाला अपरिचित नसावा.

तंजावरावर १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती. शहाजी राजांनी (१६८४–१७१२) तेलुगूत नाट्यप्रबंध रचले. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) नावावर 'देवेंद्र कुरवंजी' ही मराठी रचना आहे आणि 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने नृत्यासाठीची मराठी पदेही आहेत. सरफोजींच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आजच्या भरतनाट्यमच्या प्रयोगक्रमाची बांधणी त्यांनी केली असे मानले जाते. त्यांपैकी वडिवेलू पुढे त्रावणकोरात स्वाती तिरुनाळांच्या आश्रयाला गेले आणि चिन्नय्या म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या दरबारात आले. तंजावरहून एक वाट त्रावणकोरला जाते आणि दुसरी म्हैसूरला. नेमक्या याच दोन प्रदेशांच्या भाषांत नागवल्लीची कथा प्रथम चित्रित झाली. पटकथाकारांनी हे हेतुतः केले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कलावंत ज्या वाटांनी गेले त्याच वाटांनी कथाही गेल्या, एवढे नक्की.

या वाटांवरची नर्तकी एकभाषक नव्हती. तमिळ वर्णम्, तेलुगू पदम् आणि जावळी, दरबारासाठी मराठी निरूपण, असे सारे तिच्या कंठात आणि हस्तमुद्रांत होते. चित्रपटांनी तिला प्रत्येक वेळी एका शेजारभाषेपुरते आकसले. तिच्या बहुभाषकतेची जागा परकेपणाने घेतली.

म्हैसूरला ही परंपरा विसाव्या शतकातही जिवंत होती. राजदरबारातील जट्टी तायम्मा (१८५७–१९४७) या अभिनयासाठी ख्यातनाम होत्या. त्यांच्या शिष्या वेंकटलक्षम्मा (१९०६–२००२) या बंजारा समाजातल्या. त्या १९३९ मध्ये म्हैसूरच्या दरबारी विदुषी झाल्या, पुढे त्यांनी म्हैसूर विद्यापीठात नृत्य शिकवले आणि १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दुसरीकडे, म्हैसूर संस्थानाने १९०९ मध्ये मंदिरांतील देवदासींची सेवा बंद केली. सुधारणेमागील हेतू सत् असला, तरी कित्येक नर्तकींचे नाव, वेतन आणि मान एकाच वेळी नोंदींतून पुसट झाले. वेंकटलक्षम्मांसारख्या मोजक्या स्त्रियांना नाव राहिले. इतरांच्या वाट्याला आख्यायिका आली.

'आप्तमित्र' पडद्यावर आला तेव्हा वेंकटलक्षम्मांना जाऊन दोनच वर्षे झाली होती. राजवाड्यातल्या नर्तकीचे जगणे कसे असते, हे सांगू शकणारी व्यक्ती त्याच शहरात शहाण्णव वर्षांपर्यंत होती. तरीही लोककल्पनेत वाड्यातली नर्तकी म्हणजे मारली गेलेली, सूड मागणारी स्त्री, हेच चित्र ठसले. शिकणारी, शिकवणारी, वृद्ध होणारी आणि वारसा सोपवून जाणारी नर्तकी भयकथेला नको असते, कारण ती परत येत नाही. ती गेलेलीच नसते.

५. समारोप

वेताळाच्या अटीत उत्तर ठाऊक असून गप्प राहणाऱ्याला शिक्षा आहे. नागवल्लीच्या उत्तरभागांविषयी होणाऱ्या तर्कांना ही अट लावून पाहिली, तर त्यांचे मोल ठरवता येते. 'ती भूत होती की आजार?' या प्रश्नाला चित्रपटांनी आळीपाळीने दोन्ही उत्तरे दिली आणि प्रेत दर वेळी झाडावर परतले. तेलुगूत २०१० मध्ये 'नागवल्ली' आणि तमिळमध्ये २०२३ मध्ये 'चंद्रमुखी २' हे उत्तरभाग आले, हिंदीत २०२२ आणि २०२४ मध्येही ही मालिका पुढे सरकली. ही मालिका व्यवसायाच्या नियमाने चालेल आणि त्यात गैर काही नाही. शापाच्या वदंतेला मात्र उत्तर देण्याऐवजी शेवटच्या कथेतील राजाचे मौन अधिक शोभते. पण नर्तकीच्या इतिहासाबाबत मौनाची सवलत नाही, कारण त्याचे उत्तर ठाऊक आहे. सरस्वती महालातील मोडी कागदांत आणि म्हैसूरच्या गुरुशिष्यपरंपरेत ते विखुरलेले आहे. मराठी, कन्नड, तमिळ आणि तेलुगू या चारही भाषांच्या अभ्यासकांनी ते एकत्र वाचले, तरच नागवल्लीला तिचे नाव आणि तिच्या सर्व भाषा परत मिळतील.