क्रमबद्ध गट
रेषीय क्रमबद्ध गट : ज्यातल्या कोणत्याही दोन घटकांत लहान-मोठे ठरते आणि दोन्हींवर एकाच घटकाची क्रिया डावीकडून वा उजवीकडून केली तरी तो क्रम बदलत नाही, असा गट. पूर्णांकांची बेरीज हे नेहमीचे उदाहरण. घड्याळातल्या १२ तासांची बेरीज मात्र यात बसत नाही. १ हा ० पेक्षा मोठा धरला, तर दोन्हींत १ मिळवत गेल्यावर २ हा १ पेक्षा मोठा, ३ हा २ पेक्षा मोठा, असे करत बाराव्या पायरीला ० स्वतःपेक्षाच मोठा ठरतो! क्रमनिरपेक्ष (म्हणजे घटकांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच देणाऱ्या) गटांत अडचण असते ती एवढीच, हे एफ. डब्ल्यू. लेव्ही यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले.

लेखकाने पुढे असे सर्व गट वास्तव संख्यांत सामावतात असे म्हटले आहे. ते आर्किमिडीजच्या अटीशिवाय, म्हणजे कोणताही धन घटक स्वतःत पुरेशा वेळा मिळवला की दुसऱ्या कोणत्याही घटकाच्या वर जातो या अटीशिवाय, खरे नाही (होल्डर, १९०१). पूर्णांकांच्या जोड्या शब्दकोशाप्रमाणे लावून पाहा : आधी पहिली संख्या, ती सारखी असेल तर दुसरी. मग (०, १) ही जोडी स्वतःत कितीही वेळा मिळवली तरी (१, ०) च्या खालीच राहते. ही अट विसरून पुढचे प्रकरण वाचू नये.

नाझी राजवटीत लायप्झिग सोडावे लागलेले लेव्ही १९३५ मध्ये कलकत्ता विद्यापीठात आले. क्रमबद्ध गटांवरचा त्यांचा १९४२चा महत्त्वाचा निबंध इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात छापला गेला. पुढे काही वर्षे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. — संपा.