चापाचा भार : पिस्तुलाच्या एका लहानशा भागाचा इतिहास

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुभेदार विजयकुमार यांनी 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवले. ते मूळचे हिमाचल प्रदेशचे, पण त्यांचा सराव झाला तो आपल्या इंदूरजवळच्या महूला, लष्कराच्या मार्क्समनशिप युनिटमध्ये. त्यामुळे त्या पदकात आपल्या माळव्याच्या मातीचाही थोडा वाटा आहे असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही.

या प्रकारात नेमबाजासमोर पाच लक्ष्ये शेजारी शेजारी उभी असतात. प्रत्येकावर एक अशा पाच गोळ्या मारायच्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत. अंतिम फेरीत सारे काही चार सेकंदांतच. सुरुवातीला हात खाली झुकलेला असतो. म्हणजे हात वर आणणे, नेम धरणे, चाप ओढणे आणि पुढच्या लक्ष्याकडे वळणे, हे पाच वेळा चार सेकंदांत. अशा वेळी बोटाखालचा चाप कसा चालतो यावर किती अवलंबून असेल, याचा विचार आपण सहसा करत नाही. या चिमुकल्या भागाच्या मागे पाचएकशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी शब्दांची थोडी फोड करू. बोटाने ओढायचा तो चाप, आणि जो पुढे आपटून बार पेटवतो तो घोडा. बोलताना आपण दोन्हींना सरसकट घोडाच म्हणतो, पण इथे दोघांना वेगळे ठेवावे लागेल. घोडा मागे ओढला की त्यामागची कमान दाबली जाते. घोड्याच्या बुडाशी एक खाच असते. त्या खाचेत एक लहानसा अडसर जाऊन बसतो आणि घोड्याला अडवून धरतो. या अडसराला बंदूककार सिअर म्हणतात. चाप ओढला की सिअर खाचेतून निसटतो आणि घोडा सुटतो. सगळी करामत या दोन पोलादी कडांच्या भेटीत आहे. कडा खडबडीत असल्या तर चाप अडखळत, करकरत येतो. खाच खोल असली तर बोटाला लांबचा प्रवास करावा लागतो. खाच फारच उथळ केली तर चाप लोण्यासारखा येतो खरा, पण मग साध्या धक्क्यानेही घोडा सुटू शकतो.

चापाला एवढे महत्त्व का, हे एका हिशोबाने कळते. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात 20 सेंटिमीटर अंतर धरू. चाप ओढताना हात किंचित हलला आणि माशी 1 मिलिमीटरने सरकली, तर 25 मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाते. रॅपिड फायरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 10 सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने नेमबाज दहावरून आठवर येतो, आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आठ म्हणजे शून्यच. पिस्तुलाचे स्वतःचे वजन किलोभर. त्याचा चाप ओढायला चार-पाच किलोंचा जोर लागत असेल तर ते हातात स्थिर राहावे कसे? बंदूककारांनी पिढ्यान्‌पिढ्या डोके खपवले ते या प्रश्नावर.

तोड्याच्या बंदुकीच्या काळात हा प्रश्न नव्हता. तिथे चाप म्हणजे एक साधी तरफ. ती दाबली की जळता तोडा रंजकावर टेकायचा. चकमकीच्या बंदुकीला मात्र ठिणगी पाडण्यासाठी जोरदार कमान लागली. कमान जड म्हणून सिअरवरचा दाब जड, आणि म्हणून चापही जड. यावर युरोपातल्या कारागिरांनी एक युक्ती योजली. आत एक छोटी वेगळी कमान बसवायची आणि ती आधी चढवून ठेवायची. मग चापाला बोट लागताच ती सुटून सिअरला ठोसा देते. बोटाला जवळपास काहीच करावे लागत नाही. अशा चापाला इंग्रजीत केसाची उपमा मिळाली, कारण केसाच्या स्पर्शानेही तो सुटेल असे वाटे.

ही युक्ती किती दुधारी आहे हे 11 जुलै 1804 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वीहॉकन येथे दिसले. देशाचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि तेव्हाचे उपाध्यक्ष ॲरन बर यांच्यात द्वंद्व झाले. पिस्तुले लंडनच्या वॉग्डन घराण्यातली होती आणि त्यांत असा केसाचा चाप होता. तो चढवून देऊ का, असे हॅमिल्टन यांच्या साथीदाराने विचारले होते आणि या खेपेस नको असे उत्तर त्यांनी दिले होते. हे त्या साथीदारानेच पुढे लिहून ठेवले. हॅमिल्टन यांची गोळी बर यांच्या डोक्यावरच्या फांदीला लागली. बर यांची गोळी हॅमिल्टन यांना लागली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ती गोळी त्यांनी मुद्दाम वर झाडली की घाव बसताना बोट नकळत आवळले गेले, हा वाद आजही मिटलेला नाही. एका माणसाच्या शेवटच्या क्षणातल्या हेतूचा उलगडा चापापाशी येऊन थांबतो.

पुढचा टप्पा रिव्हॉल्व्हरचा. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्ट यांनी 1836 मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. चापाचे काम फक्त घोडा सोडण्याचे, म्हणून तो हलका आणि आखूड. नेम चांगला साधे, पण वेळ लागे. 1851 मध्ये लंडनच्या हाईड पार्कमधील महाप्रदर्शनात कोल्ट यांच्यासमोर इंग्रज बंदूककार रॉबर्ट ॲडम्स उभे राहिले. त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकच चाप ओढला की नळकांडे फिरे, घोडा मागे जाई आणि सुटे. वेग मिळाला, पण सगळे काम एका बोटावर आले. चाप लांब आणि जड झाला, आणि दूरचा नेम बिघडू लागला.

हा वाद कागदावर सुटला नाही. 5 नोव्हेंबर 1854 रोजी क्रिमियातल्या इंकरमनच्या लढाईत 88 व्या पलटणीतला क्रॉस नावाचा इंग्रज लेफ्टनंट रशियन शिपायांच्या वेढ्यात सापडला. त्याच्याकडे ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर होते. दर गोळीला घोडा चढवावा लागता तर आपण वाचलो नसतो, असे त्याने नंतर ॲडम्स यांना कळवले. दोन हात अंतरावर शत्रू असताना जड चापही चालतो, हे त्यातून कळले. दूरच्या नेमाला तो चालत नाही, हे आधीच माहीत होते. दोन्हींची सांगड घातली रॉयल इंजिनिअर्सच्या फ्रेडरिक बोमाँट यांनी. 1856 मध्ये आलेल्या त्यांच्या सुधारणेमुळे ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर दोन्ही प्रकारे चालवता येऊ लागले. सवड असेल तर घोडा चढवून हलक्या चापाने, नसेल तर एका दमात. आपल्याकडे 1857-58 च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि ॲडम्स या दोन्ही घराण्यांची रिव्हॉल्व्हरे होती.

विसाव्या शतकात जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल अमेरिकन सैन्याने 1911 मध्ये स्वीकारले. त्यात पहिल्या गोळीनंतर घोडा आपोआप चढत जातो, आणि चाप सरळ मागे सरकतो. कारखान्यातून येणारे पिस्तूल लढाईच्या धुळीचिखलात चालावे म्हणून आतले भाग थोडे सैल आणि चाप थोडा जड ठेवलेला असे. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्यांना तेवढ्याने भागेना. तेव्हा कारागीर सिअर आणि खाच बारीक दगडावर हाताने घासून एकमेकांना जुळवू लागले. तिथे सैनिकी पिस्तुलाच्या स्पर्धेला नियमच होता, की चापाने किमान चार पौंड, म्हणजे सुमारे 1.8 किलो भार तोलला पाहिजे. त्यामुळे चाप नुसता हलका करून भागत नव्हते. तेवढाच भार ठेवून तो अधिक गुळगुळीत आणि स्वच्छ सुटणारा करायचा होता.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा इथे आहे. हलका आणि मऊ हे दोन वेगळे गुण आहेत. कमकुवत कमान बसवून चाप कोणीही हलका करील. भार कायम ठेवून त्यातली करकर काढणे हे कारागिराचे काम. अर्कान्सास राज्यातल्या बेरिव्हिल गावी बिल विल्सन यांनी 1977 मध्ये आपला बंदूक दुरुस्तीचा धंदा सुरू केला, तो घरच्या दागिन्यांच्या दुकानाच्या मागच्या भागात. ते शिक्षणाने घड्याळजी होते. ज्याने चाकाचे दाते भिंगातून पाहिले आहेत, त्याला सिअरची कड कशी असावी हे कोणी शिकवायला नको. आदल्याच वर्षी मिसूरीतल्या कोलंबिया येथे आंतरराष्ट्रीय प्रात्यक्षिक नेमबाजी संघटना स्थापन झाली होती. पळत, वळत, घड्याळाशी शर्यत करत नेम मारण्याच्या या नव्या खेळामुळे सुधारित सुट्या भागांना मोठी मागणी आली. पुढे संगणकाने चालणारी यंत्रे आली आणि कठीण पोलादाचे तयार सिअर, घोडे आणि कमानी पाकिटातून मिळू लागल्या. हाताचे काम यंत्राने उचलले, पण कसोटी तीच राहिली.

मऊपणा म्हणजे काय, याचा पुरावा 1999 मध्ये जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने दिला. त्याने आठ गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर एका सेकंदात रिकामे केले, तेही दर गोळीला पूर्ण लांबीचा चाप ओढून. ॲडम्सच्या काळात ज्या चापाला जड म्हणून नाके मुरडली गेली, त्याच जातीच्या चापाची ही करामत.

पोलिसांच्या बाबतीत मात्र उत्तर इतके सोपे नाही. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी 1993 मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून आधुनिक पिस्तुले घ्यायला सुरुवात केली. घाईत, भीतीत नकळत गोळी सुटू नये म्हणून चाप मुद्दाम जड, बारा पौंडांचा म्हणजे जवळपास साडेपाच किलोंचा ठेवला. त्याच जातीच्या साध्या पिस्तुलाच्या दुपटीहून जास्त. हेतू चांगला होता. पण ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुन्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा नऊ वाटसरू जखमी झाले, आणि जड चापामुळे नेम चुकतो का, ही चर्चा सुरू झाली. पुढे नव्या भरतीच्या पोलिसांना हलक्या चापाची पिस्तुले देण्याकडे कल झाला. नकळत सुटलेली गोळी आणि चुकलेली गोळी, दोन्ही निरपराधालाच लागतात.

खेळानेही अशी दिशा बदलली आहे. 2004 च्या ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायरसाठी खास, अतिशय हलक्या चापाची पिस्तुले चालत. 2005 पासून नियम बदलले आणि चापाने किमान 1000 ग्रॅम भार तोललाच पाहिजे असे ठरले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, त्यांनाही हीच मर्यादा होती. स्पर्धेपूर्वी पंच पिस्तूल उभे धरतात, चापाला वजन अडकवतात आणि उचलतात. चाप सुटला तर पिस्तूल बाद. सर्वांचा भार सारखा, म्हणून फरक उरतो तो फक्त मऊपणाचा आणि बोटाचा.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. इंदूर, देवास, ग्वाल्हेरच्या कित्येक जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांची परवान्याची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर असते, आणि खंडेनवमीला ते पूजेला निघते. शंभर वर्षांच्या वापराने त्यातली खाच झिजलेली असते. चाप हाताला छान हलका लागतो आणि जुन्या कारागिरीचे कौतुकही होते. पण तो हलकेपणा कारागिरीचा आहे की झिजेचा, हे बाहेरून कळत नाही. तेव्हा पूजेआधी ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, आणि आतले काम घरी करू नये. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती आणि फेरफार हे परवानाधारक बंदूककाराचेच काम आहे. त्याच्याकडे एकदा नेऊन चापाला वजन लावून पाहायला सांगावे. पूर्वजांची ठेव मुलांच्या हाती सोपवण्यापूर्वी एवढी तपासणी तरी आपण करायलाच हवी.