दलालाची सहामाही: हिशोब कोणाला द्यायचा?

आज आपण वहीचं मधलं पान उघडणार आहोत. सहामाहीचं पान, आणि तेही घर-जागेच्या दलालाचं. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला दलालीशी काय देणंघेणं, असं काहींच्या मनात आलंच असेल. पण हिशोब देणं म्हणजे काय, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि एजंटाच्या टेबलावर तो फार स्पष्ट दिसतो.

आधी शब्द पाहू. दलाल हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी वाट दाखवण्याचा अर्थ आहे. आज आपण तो जवळजवळ शिवीसारखा वापरतो. वाट दाखवणाऱ्याची शिवी का झाली, याचं उत्तर इतिहासात आहे.

मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि प्रमाणभाडं १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं. जागा थोड्या, माणसं अमाप. मग पागडी आली. ती कायद्याला मान्य नव्हती, म्हणून तिची पावती नसे. व्यवहार तोंडी, रोकड हातात, आणि सगळा तपशील दलालाच्या डोक्यात. आता सांगा, ज्या व्यवहाराची पावतीच नाही, त्याचं परीक्षण कोण कसं करणार? पुढे १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण मधली पन्नास वर्षं सवयी घडवून गेली होती.

१९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. त्याने बिल्डरला लेखी करार करायला लावला. दलालाला मात्र खरी ओळख मिळाली ती २०१६ च्या रेरा कायद्याने. नोंदणी करा, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरं विकू नका, हिशोबाची पुस्तकं जपून ठेवा. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. अर्थात भाड्याचे आणि जुन्या घरांचे कितीतरी व्यवहार या चौकटीबाहेरच राहतात. तिथे आधार उरतो तो १८७२ च्या करार कायद्याचा. त्याचं २१३ वं कलम अगदी साधं आहे: ज्याच्या वतीने काम करता, त्याने मागितल्यावर योग्य हिशोब द्या. म्हणजे हिशोब दुसऱ्याला द्यायचा असतो, हे दीडशे वर्षं कागदावर आहे.

आता सहामाहीकडे येऊ. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला बदलायचं. सरकारचं १८६७ पासून एप्रिलला बदलू लागलं. प्राप्तिकरासाठी दिवाळी वर्ष चालत असे. १९८९-९० च्या करआकारणी वर्षापासून सगळे एप्रिल ते मार्चला आले. तेव्हा आजची सहामाही ३० सप्टेंबरला संपते. आणि त्याच सुमारास बहुतेक वर्षी पितृपंधरवडा येतो! या पंधरा दिवसांत नव्या घराचा इसार सहसा कोणी देत नाही. एजंटाचा फोन थंड. ऋण आठवायचे दिवस आणि वही तपासायचे दिवस एकत्र येतात, हा योगायोग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

अशाच एका पंधरवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. एजंट झालाय. सहा महिन्यांत एक्केचाळीस चौकशा, नऊ व्यवहार. "सर, नवाचे पंधरा कसे करू?" आम्ही विचारलं, "उरलेल्या बत्तिसांचं काय झालं?" त्याने आठवून लिहायला घेतलं. काहींना त्याने ऐपतीबाहेरची घरं दाखवली होती, कारण दलाली जास्त. काहींना टँकरचं पाणी सांगितलं नव्हतं; ते त्यांना वॉचमनने सांगितलं.

मग आम्ही त्या नऊंकडे वळलो. त्यातलं एक निवृत्त जोडपं. टोकन देऊन बसलेले, आणि नंतर कळलं की घरात भावाचाही हिस्सा आहे. घर नाही, टोकनही परत नाही. पण याची दलाली जमा झालेली, म्हणून वहीत तो 'झालेला' व्यवहार! आपल्याला काय मिळालं एवढंच मोजलं की असं होतं.

त्या दुपारी आम्ही दोघांनी चार ओळी लिहिल्या. घर दाखवण्याआधी सूची क्रमांक दोन, मालमत्ता पत्रक आणि सोसायटीचं थकबाकीचं पत्र बघायचं. कागद पाहिल्याशिवाय टोकन घ्यायला लावायचं नाही. आपण कोणाच्या बाजूने आहोत आणि दोन्हीकडून पैसे घेतो का, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. दलाली दस्तनोंदणीनंतरच घ्यायची.

तो म्हणाला, "सर, धंदा निम्मा होईल." होईलही. ते खोडून काढणारं उत्तर आमच्यापाशी नव्हतं, आजही नाही. दसऱ्याला तो त्या जोडप्याकडे जाऊन दलाली परत देऊन आला. त्यांचं टोकन मात्र अजून अडकलेलंच आहे. आता दर सहामाहीला त्याच्या वहीत ते पहिल्या ओळीवर असतं.

आपल्यापैकी बहुतेक जण दलाल नाहीत. पण दुसऱ्याला कुठली ना कुठली वाट दाखवण्याचं काम शिक्षक, डॉक्टर, आईवडील असे आपण सगळेच करतो. आपल्या वहीत 'झालेले' म्हणून कोण कोण लिहिलेत, ते एकदा तपासून पाहू या. पुढच्या वेळी इसार या शब्दापासून सुरुवात करू.