लेण्यांच्या भिंतींवरचे गृहस्थ

बुद्धाचा धम्म घरदार सोडलेल्यांसाठी होता, संसारी माणसाच्या वाट्याला केवळ दुरून नमस्कार आला, असा समज आजही आढळतो. सह्याद्रीतील लेण्यांच्या भिंती निराळी साक्ष देतात.

तेथील ब्राह्मी लेख बहुतेक एक-दोन ओळींचेच आहेत. दात्याचे नाव, गाव, व्यवसाय, दिलेली वस्तू आणि बहुधा शेवटी ‘देयधम’ हा शब्द. कल्याणचा सोनार सामिदत कान्हेरीला पाण्याची ‘पोढी’, म्हणजे खडकातले टाके देतो. कल्याणचाच लोहार नंद तेथे वाट करून देतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत दरवाजाच्या कामाचे दान करतो. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे आणि टाके देते. धंदा कोणीच लपवलेला नाही. तो नावाइतक्याच आवर्जून कोरला आहे. राजांच्या नावांसाठी हे लेख धुंडाळणाऱ्या आपल्या इतिहासलेखनाने या सोनार-लोहारांना तळटिपेत ढकलले, हे खेदाने म्हणावे लागते.

टाकेच का? भिक्षू वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहत, तेव्हा पाण्याला तोटा नसे. पाऊस सरला की डोंगर कोरडा पडे. टाके देणाऱ्याला ही अडचण ठाऊक होती. त्याचे दान गरज पाहून केलेले आहे.

या व्यवहारी वृत्तीला धम्मात आधार होता. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन धंद्यात घालण्यासाठी, चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायचा. गंमत अशी, की या चारांत दानाला स्वतंत्र वाटा नाही! अंगुत्तरनिकायात शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाचांचा व्यापार उपासकाला वर्ज्य ठरवला आहे. धंदा करावाच, पण कोणता, हा तिथला प्रश्न.

याचे सर्वांत बारकाईने नोंदलेले उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात सापडते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले आणि 3000 कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. मुद्दल कायम राहायचे, व्याज तेवढे वापरायचे. त्यांतील 2000 कार्षापणांवर दरमहा शेकडा 1 व्याज होते. म्हणजे वर्षाला 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. हिशेब पैपर्यंत जुळतो. उरलेल्या 1000 वर दर पाऊण टक्का.

उषवदात मोठा माणूस, त्याने ब्राह्मणांनाही गायी आणि गावे दिली आणि ते सारे कोरूनही ठेवले. पण त्याच्या या पुण्याचा रोजचा भार वाहिला तो गोवर्धनच्या मागांनी. विणकरांनी सूत विणावे, माल विकावा, व्याज भरावे, तेव्हा कुठे भिक्षूच्या अंगावर वस्त्र यायचे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव लेखात नाही.

हा सारा करार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असे लेखच सांगतो. व्याज थकलेच, तर विचारणा करायला गावाकडे पुरावा होता.